बिनक्लचच्या गाडीतले दोन क्लच

लोक आपल्या गाडीची तक्रार मराठीत करतात, हिंदीत करतात, गुजरातीत करतात, कधी नुसत्या हातवाऱ्यांनी करतात. मी ती ऐकते आणि इंग्रजीत लिहिते. परळला एका जुन्या गिरणीच्या आवारात आमचं गाड्यांचं सर्व्हिस सेंटर आहे. तिथे मी सर्व्हिस ॲडव्हायझर आहे. नाव भारदस्त असलं तरी काम दवाखान्यातल्या टेबलामागे बसणाऱ्या मुलीचं. पेशंटला डॉक्टरांची भाषा कळत नाही आणि डॉक्टरांना पेशंटशी बोलायला वेळ नसतो.

खरं तर मला अनोळखी माणसांशी बोलायला नकोसं वाटतं. घरी मराठी, शाळेत इंग्रजी, आणि दोन्हीकडे आपलं काहीतरी चुकेल या भीतीने मी लहानपणीच गप्प राहायची सवय लावून घेतली. "मग या लाइनीत कशी आलीस?" असं सगळे विचारतात. गाड्या आवडतात म्हणून, असं मुलीने सांगितलं की लोक हसतात. म्हणून तेही मी सांगत नाही. पण या कामात गप्प माणसाचा एक फायदा असतो. आपण काही बोललो नाही की समोरच्याला अवघडल्यासारखं होतं आणि तो बोलत राहतो. पहिल्या वाक्यात तो इंटरनेटवर वाचलेलं सांगतो, दुसऱ्यात मेहुण्याचं मत. खरी तक्रार त्यानंतर येते.

आमच्याकडे सगळ्यात जास्त ऐकावं लागतं ते ड्युअल क्लच गिअरबॉक्सबद्दल. ही ऑटोमॅटिकमधली एक जात. आधी साधी गाडी घ्या. तिच्यात एक क्लच असतो. इंजिन आणि चाकं जोडायची किंवा तोडायची, हे त्याचं काम. डाव्या पायाने पेडल दाबलं की इंजिन सुटतं, गिअर बदलायचा, पेडल सोडलं की पुन्हा जोडलं जातं. ड्युअल क्लचमध्ये असे दोन क्लच असतात. पहिला, तिसरा, पाचवा गिअर एकाकडे; दुसरा, चौथा, सहावा दुसऱ्याकडे. पेडल नसतं, कारण दाबायचं-सोडायचं काम कॉम्प्युटर करतो.

हे ग्राहकांना समजावताना मी पोळ्यांचा आधार घेते. एक पोळी तव्यावर असते तेव्हा दुसरी लाटून तयार असते. पहिली उतरली की लगेच दुसरी पडते, तवा रिकामा राहत नाही. म्हणून मोकळ्या रस्त्यावर गिअर कधी बदलला ते कळतसुद्धा नाही. पण हिंदमाताच्या ट्रॅफिकमध्ये काय होतं? गाडी पहिल्या गिअरमध्ये सरकतेय, गिअरबॉक्स दुसरी पोळी लाटून बसलाय, तेवढ्यात पुढचा ब्रेक मारतो. लाटलेली पोळी तशीच राहते. पुन्हा चला, पुन्हा थांबा. पंगत बसली आहे की उठली, हेच त्याला कळत नाही. मग तो गोंधळतो आणि गाडी आचके देते.

गिरगावचे एक गृहस्थ हे ऐकून रागावले होते. "मिस, मी मेकॅनिकल इंजिनिअर आहे. मला पोळ्या सांगू नका." मी सॉरी म्हटलं आणि त्यांना छापील आकृती दिली. गाडी न्यायला ते बायकोला घेऊन आले. मी बिल करत होते आणि पाठीमागे ते तिला सांगत होते, "हे बघ, एक पोळी तव्यावर असते ना, तेव्हा..."

तक्रारींचे शब्द मला आमच्या सावंतदादांनी शिकवले. ते गिअरबॉक्सचे मेकॅनिक, राहणार लालबाग, गाव कुडाळ. मी सुरुवातीला तक्रारीच्या प्रत्येक कार्डावर 'जर्क' लिहायचे. दादा कार्ड घेऊन वर यायचे. "बाय, झटको म्हणजे खयचो झटको? आचको काय, थरथर काय, हुंदको काय?" आचका म्हणजे गिअर पडतानाचा धक्का. थरथर म्हणजे सुटताना सगळी गाडी कापते ती. आणि हुंदका म्हणजे आपण ॲक्सिलरेटर दाबतो, गाडी क्षणभर श्वास कोंडते आणि मग निघते. तिघांची औषधं वेगळी. इंग्रजीत हे तीन शब्द असतीलही, पण ते मला सावंतदादांच्या तोंडून मालवणीत कळले.

यातली थरथर सगळ्यात गंभीर. क्लचच्या चकत्या अर्धवट टेकलेल्या असल्या की एकमेकींवर घासतात आणि तापतात. साध्या गाडीत यालाच हाफ क्लच म्हणतात. पेडल पूर्ण दाबलेलं नाही, पूर्ण सोडलेलंही नाही, अशा अवस्थेत गाडी चढावर जागच्या जागी तरंगत ठेवता येते. आमच्या गाड्यांत हे काम कॉम्प्युटर मुकाट्याने करत असतो. गाडी इंच इंच सरकते तेव्हा ती हाफ क्लचवरच सरकत असते. फार तापली की ती थरथरते, नंतर पडद्यावर इशारा देते आणि तरी ऐकलं नाही तर ताकद काढून घेऊन उभी राहते. लालबागला गणपतीच्या दिवसांत गर्दीतून गाडी काढणारे असे बरेच अडकतात. विसर्जनानंतर आमच्या दारात जी रांग लागते, तिला दादा 'गौरीचे पावणे' म्हणतात.

उपाय सोपा आहे. सरकत राहू नका. ब्रेकवर पूर्ण थांबा, पुढे थोडी जागा होऊ द्या आणि मग एकदम जा. हे मी दादरच्या माणसाला सांगते तेव्हा तो माझ्याकडे दयेने बघतो. "जागा सोडू? मग तिथे टॅक्सी राहायला येईल."

कर्णिक मॅडम आल्या त्या दिवशी त्यांची गाडी नेहमी बघणारा माझा सहकारी रजेवर होता, म्हणून त्या माझ्या टेबलावर आल्या. म्हणजे आला त्यांचा मुलगा, मंदार. मॅडम काचेपलीकडे सोफ्यावर ताठ बसल्या होत्या. सत्तरीच्या आसपासच्या, सुती साडी, पायात पट्ट्याच्या चपला. मंदार वाकून हळू आवाजात म्हणाला, "गाडीचं काही नाही. तिसऱ्यांदा आणतोय, दर वेळी तुम्ही ओके म्हणून देता. आज तुम्ही फक्त आईला समजावून सांगा."

"काय सांगू, सर?"

"की आता गाडी चालवणं पुरे. माझ्याकडून ऐकलं की भांडण होतं. कंपनीने सांगितलं तर ऐकेल."

मी गप्प राहिले. तो बोलत राहिला. आईने पंचवीस वर्षं दादरला बायकांसाठी ड्रायव्हिंगचा क्लास चालवला होता. गुडघा दुखायला लागला म्हणून त्याने हौसेने ही ऑटोमॅटिक घेऊन दिली. आता ती अधूनमधून बंद पडते, इशारे देते. "आणि तिला वास येतो. क्लच जळाल्याचा. मी सांगून थकलो, आई, या गाडीला क्लचच नाही. तुमच्या शोरूमच्या माणसाने घेतानाच सांगितलं होतं, बिनक्लचची गाडी आहे, आईंना टेन्शन नाही. मी चालवतो तेव्हा मला कधी वास आला नाही." तो थांबला. मग आवाज आणखी खाली गेला. "डॉक्टर म्हणाले, नसलेले वास येणं दुर्लक्ष करण्यासारखं नाही. पुढच्या आठवड्यात तिचा एमआरआय आहे."

क्लच असतो, हे त्याच क्षणी सांगता आलं असतं. पण त्यांना येणारा वास त्याचाच आहे, हे मला कुठे माहीत होतं? आमच्या तपासणीत दोनदा काही निघालं नव्हतं. एवढ्या घाबरलेल्या माणसाला अर्धवट दिलासा देणं मला बरोबर वाटेना.

तेवढ्यात मॅडम दार ढकलून आत आल्या. "मंदार, माझ्याबद्दल बोलतोयस तर मोठ्याने बोल. कान अजून शाबूत आहेत. नाकाबद्दल तुमचं काय ते चाललंय." मग माझ्याकडे वळून, "काय गं, तुला तरी गाडी येते का?"

"येते, मॅडम."

"कुणी शिकवली?"

"बाबांनी."

"म्हणजे आरशात बघत नसशील."

सावंतदादांनी गाडीला कॉम्प्युटर जोडला. क्लच तापल्याच्या नोंदी होत्या, एक-दोन नव्हे, पुष्कळ. मागच्या वेळीही अशा नोंदी नुसत्या पुसून गाडी परत दिली गेली होती. क्लच मात्र अजून धड होता. मी आमच्या मॅनेजरांना विचारलं. ते म्हणाले, "पार्ट फेल नाही ना? मग लिही 'ड्रायव्हिंग हॅबिट' आणि सोड." ही आमच्याकडची नेहमीची ओळ. गाडीत दोष नाही, चालवणाऱ्याच्या सवयीत आहे, असा तिचा अर्थ. बहुतेक वेळा ती खरीही असते. पण ती ओळ छापून मी त्या मुलाच्या हातात दिली असती, तर गाडीची किल्ली त्याच संध्याकाळी आईच्या पर्समधून गेली असती. वासाचा प्रश्न मात्र तसाच राहिला असता.

मी बाहेर जाऊन म्हटलं, "मॅडम, तुम्ही चालवा. मी शेजारी बसते."

"परीक्षा घेणार माझी?"

"नाही." मग वाटलं, यांच्याशी खोटं बोलून उपयोग नाही. "हो."

त्या पहिल्यांदा हसल्या. मंदारला ऑफिसचा फोन आला होता, तो मागे थांबला.

परळहून दादरपर्यंत मी त्यांच्या पायांकडे बघत होते. गिअरवाल्या गाड्यांतून आलेल्या लोकांचा डावा पाय क्लच शोधत ब्रेकवर पडतो आणि दोन्ही पेडलं एकदम दाबली जातात. मॅडमचा डावा पाय शहाण्यासारखा बाजूला टेकलेला होता. सिग्नलला पूर्ण ब्रेक. सरकणं नाही. पुढच्या गाडीशी अंतर बरोबर. उलट माझ्याच चुका निघत होत्या. "पट्टा पिळलाय बघ तुझा. आणि सीट इतकी मागे? झोपायला आलीस का?" बोलता बोलता त्यांनी सांगितलं की गिरगावात त्यांची मोठी बहीण असते, तिला जिने उतरून फार चालवत नाही. दर रविवारी मॅडम तिला गाडीत घालून चौपाटीवर नेतात. ती काच खाली करून समुद्र बघत बसते. "मंदार म्हणतो, टॅक्सी करून दे. टॅक्सीवाला तासभर समुद्राकडे तोंड करून उभा राहील का?"

त्यांची बिल्डिंग आली तोवर मी मनातून खचले होते. एकही चूक सापडली नव्हती. चूक सापडली नाही, तर वास कुठून येणार?

जुनी तीन मजली इमारत पाडून तिथे टॉवर उभा राहिला आहे. पार्किंग वरच्या मजल्यांवर, आणि वर जायला एकच अरुंद, वळणाचा चढ. वरून गाडी उतरत असली की खालून येणाऱ्याने चढावरच, मधल्या रुंद जागेत, कडेला थांबायचं. वॉचमनने हात केला. आम्ही निम्म्या चढावर थांबलो. वरची गाडी काही केल्या येईना, बहुतेक कुणीतरी पिशव्या भरत होतं.

मी पायांकडे पाहिलं. मॅडमचा पाय ब्रेकवर नव्हता. तो ॲक्सिलरेटरवर होता, फुलासारखा हलका. इंजिन घुमत होतं आणि गाडी त्या चढावर जागच्या जागी उभी होती.

"बघ," त्या म्हणाल्या, आणि आवाजात पंचवीस वर्षांचा अभिमान होता. "एक सूत मागे नाही."

गाडी बारीक थरथरायला लागली. पाठोपाठ तो वास आला. जळकट, घशाला टोचणारा. एकदा घेतला की विसरत नाही असा.

मॅडमनी मान वळवली नाही. दिवसभरात पहिल्यांदाच त्या हळू बोलल्या. "तुला येतोय?"

"येतोय."

"मला बरं वाटावं म्हणून सांगू नकोस."

"नाही, मॅडम. खरंच येतोय. क्लचचाच आहे."

"पण क्लच तर..."

"आहे. दोन आहेत."

त्या माझ्याकडे बघतच राहिल्या. "दोन?"

"आणि तुम्ही आत्ता हाफ क्लचवर उभ्या आहात."

त्यांचा पाय ज्या वेगाने ब्रेकवर गेला, तो वेग मी तरुण माणसांत पाहिलेला नाही. थरथर थांबली. मग त्यांचा आवाज चढला. "अगं, मग हे सांगायचं नाही का आधी? हाफ क्लचवर दोन श्वासांपेक्षा जास्त उभी राहिली की मी मुलींच्या गुडघ्यावर पट्टी मारायची! क्लच काय फुकट येतो? तुमचे लोक म्हणाले, क्लचच नाही. म्हटलं, नाहीच तर जळणार काय? म्हणून मी आपली निवांत उभी राहते. कुठे गेला तो शोरूमचा टायवाला? त्याला बसव माझ्या शेजारी."

मागून हॉर्न वाजला. समोरची गाडी कधीच उतरून गेली होती. आम्ही वर गेलो, मॅडमनी एका झटक्यात गाडी जागेवर लावली, इंजिन बंद केलं आणि स्टिअरिंगवर दोन्ही हात ठेवून बसून राहिल्या. थोड्या वेळाने त्या म्हणाल्या, "मी रोज सकाळी उठून डबे हुंगते गं. हिंग, वेलची, कॉफी. डोळे मिटून. बरोबर ओळखते का बघायला." मग पर्समधून रुमाल काढून त्यांनी आरसा पुसला. आरसा स्वच्छच होता.

परत आलो तेव्हा मंदार दारातच उभा होता. मी त्याला सगळं सांगितलं. एवढं सलग मी ग्राहकाशी पूर्वी कधी बोलले नव्हते. तो चढावर ब्रेकवर थांबतो, म्हणून त्याला कधी वास आला नाही, हेही सांगितलं. तो ऐकता ऐकता शेजारच्या खुर्चीत बसला.

"म्हणजे वास खरा होता."

"हो, सर."

"मग तो एमआरआय?"

"ते डॉक्टरांना विचारा. मी गिअरबॉक्सपुरतंच सांगू शकते."

तो हसायला लागला. हसता हसता चष्मा काढून त्याने डोळे दाबले. मॅडमनी त्याच्या डोक्यावर टपली मारली. "रडतोस काय? आई वेडी नाही निघाली म्हणून?" मग हात पुढे केला. "माझं नाक मला परत मिळालं. आता किल्ली दे."

आमच्याकडे किल्ली ज्याच्या नावावर गाडी त्याच्या हातात द्यायची पद्धत आहे आणि ती माझ्याकडे होती. गाडी मंदारच्या नावावर होती. मी त्याच्याकडे पाहिलं. त्याने मानेनेच आईकडे खूण केली.

कार्डावर मी 'ड्रायव्हिंग हॅबिट' लिहिलं नाही. 'गाडीत क्लच नाही, असे ग्राहकाला सांगण्यात आले होते' असं लिहिलं. मॅनेजर म्हणाले, "हे कशाला?" मी म्हटलं, "खरं आहे म्हणून, सर." नोकरीतला माझा सगळ्यात मोठा वादविवाद एवढाच. दुसऱ्या सकाळी शोरूमवाल्यांबरोबरच्या मीटिंगमध्ये मात्र मी हात वर केला. कान गरम झाले होते. म्हटलं, गाडी विकताना 'क्लच नाही' म्हणू नका, 'क्लचचं पेडल नाही' म्हणा. विक्रीवाला म्हणाला, "एका शब्दाने काय फरक पडतो?" मागून सावंतदादांचा आवाज आला, "एमआरआयचो फरक पडता."

डॉक्टरांनी मॅडमना पुन्हा तपासलं, मुलाने सांगितलेलं ऐकून घेतलं आणि तो एमआरआय रद्द केला, हे मंदारने स्वतः फोन करून कळवलं. असे फोन आमच्याकडे येत नाहीत. गाडी बिघडली की लोक फोन करतात, बरी झाली की विसरतात. त्या फोननंतर मला अँटॉप हिलचे एक आजोबा आठवले. त्यांचीही गाडी याच जातीची होती, अशीच इशारे देऊन बंद पडायची. ते माझ्या टेबलावर आलेच नाहीत. त्यांच्या कार्डावरची ती नेहमीची ओळ मी नंतर पाहिली. तोवर गाडी विकली गेली होती. त्यांना वास येत होता का, हे कुणी विचारलं नव्हतं.

अलीकडे एका रविवारी मॅडमनी मला जेवायला बोलावलं. मी सबब सांगायच्या बेतात होते, पण त्यांनी सबबीला जागा ठेवली नाही. गिरगावातून बहिणीला घेऊन त्या परस्पर मला घ्यायला आल्या. ताई मागे बसल्या होत्या, केसांत समुद्राचा वारा भरलेला. बिल्डिंगच्या त्याच चढावर आम्हाला थांबावं लागलं. मॅडमनी ब्रेक दाबला आणि पाय तिथेच ठेवला. समोरची गाडी उतरून गेली, मॅडमनी ब्रेक सोडून ॲक्सिलरेटर दिला, आणि त्या मधल्या क्षणात गाडी किंचित मागे आली. अगदी एक सूत.

"शके, मागे गेली गं!" ताई ओरडल्या.

"जाऊ दे," मॅडम म्हणाल्या. "दोन-दोन क्लच आहेत तिला, जपायला नकोत?"

गाडी वर चढली. वळणावर त्यांनी आरशातून बहिणीकडे पाहिलं, मग रस्त्यावरची नजर न हलवता मला म्हणाल्या, "हे माझ्या जुन्या विद्यार्थिनींपैकी कुणाला बोलू नकोस हं."

मी मान डोलावली. न बोलणं मला जमतं. लिहू नकोस, असं त्या म्हणाल्या नव्हत्या.